वजाबाकींत उरलेलें शेत

एकत्र कुटुंबांत भांडणें पुष्कळ होतात, पण त्यांतलीं बहुतेक बेरीज-वजाबाकीचीं असतात. कोणाकडे जास्त गेलें आणि कोणाचें कमी झालें, यापलीकडे भाऊबंदकीस तिसरा विषय सहसा लागत नाहीं. मौज अशी कीं, ज्या आंकड्यांवरून मनें दुखावतात ते आंकडे कोणी एका ठिकाणीं मांडून पाहिलेलेच नसतात. प्रत्येकाच्या मनांत आपली अशी एक यादी असते, आणि दुसऱ्याच्या मनांतली यादी खोटी आहे अशी त्याची खात्री असते. आमच्या घराण्यांत अशा तीन याद्या होत्या. तिन्ही तोंडी होत्या, आणि त्या तिहींपायीं नवरात्रांतलें एकत्र जेवण वीस वर्षें बंद पडलें होतें.

आमचें मूळ गांव परभणी जिल्ह्यांत, पाथरी तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तर अंगाला. आजोबांना तीन मुलगे; त्यांच्या तीन पात्या झाल्या. आम्ही थोरल्या पातीचे. मधले काका आतां नाहींत. त्यांचीं मुलें पुण्यास असतात. धाकटे काका चौऱ्यायशीं वर्षांचे असून परभणींतच राहतात. त्यांच्या पातीचें म्हणणें असें कीं, आजोबांच्या वेळचीं दोन शेतें वांटणीपूर्वींच नाहींशीं झालीं, आणि तीं कोठें गेलीं हें थोरल्या पातीस ठाऊक आहे. उघड आरोप कोणीं केला नव्हता. परंतु काका आमच्याकडे आले म्हणजे चहा अर्धा ठेवून उठत, आणि त्या अर्ध्या कपाचा अर्थ घरांतल्या लहान मुलांनाहि कळत असे.

गेल्या वर्षीं गांवांतला जुना वाडा उतरविण्याचें ठरलें, तेव्हां माळ्यावरच्या पेटींत आजोबांची वही सांपडली. फसली १३५५ सालची, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबानें १९४५-४६ ची. निजामाचें राज्य तेव्हां चालू होतें. सरकारी दप्तर उर्दूंत असे, पण घरची वही आजोबांनीं मोडींत ठेवली होती. तींत एकोणीस सर्व्हे नंबर, प्रत्येकापुढें एकर-गुंठे, आणि शेजारीं शेताचें बोलण्यांतलें नांव: ‘माळाचें’, ‘आंब्याचें’, ‘नदीकांठचें’. मोडी वाचणारें घरांत एकच माणूस उरलें आहे, आणि तें म्हणजे धाकटे काका. त्यांना आजोबांनीं स्वतः शिकविली होती. त्यामुळें वही आमच्या हातांत आणि वाचा काकांपाशीं अशी स्थिति झाली. दोघांनाहि एका बैठकीला बसणें भाग पडलें, हा त्या वहीचा पहिला उपकार.

आतां ही वही आणि आजचे तिन्ही पात्यांचे आठ-अचे उतारे यांचा मेळ घालावयाचा. ज्यांस शेताचे कागद पाहण्याचा प्रसंग आला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. सातबारा हा एका गटाचा असतो. आठ-अ हा एका खातेदाराचा असतो आणि त्याच्या नांवावरचे त्या गांवांतील सारे गट त्यांत एकत्र दिलेले असतात. हे उतारे हल्लीं घरबसल्या मिळतात. अंकीय सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळूं लागला. उतारे मिळविणें सोपें, ते जुळविणें कठीण. कागदावर बोट ठेवून जुळवूं लागलें कीं पांचव्या ओळीला फोन वाजतो, आणि सहाव्या ओळीला कोणीतरी म्हणतो, “हा धरला होता कीं नाहीं?”

आम्हांस उभ्या आयुष्यांत गणित शिकविण्याचा व्यवसाय घडला, आणि निवृत्तीनंतर संगणकाच्या काळ्या पडद्यावर अक्षरांनीं आज्ञा लिहून काम करून घेण्याचा नाद लागला. चित्रांवर टिचक्या मारण्यापेक्षां हा प्रकार आमच्या वयाला अधिक मानवतो. त्यांत काय सांगितलें आणि काय झालें हें दोन्ही डोळ्यांसमोर लेखी राहतें. त्या आज्ञांपैकीं एकीचें नांव ‘कॉम’. ती काय करते हें घरगुती उदाहरणानें लवकर कळेल. आमच्या घरीं मुंज झाली कीं काकू दोन वह्या घेऊन बसतात. एकींत आमंत्रणें कोणास गेलीं तें, दुसरींत आहेर कोणाचे आले तें. मग नांवांचे तीन ढीग होतात: ज्यांना बोलाविलें पण ज्यांचा आहेर नाहीं ते, ज्यांना बोलाविलें नाहीं पण ज्यांचा आहेर आला ते (हा ढीग लहान असतो, पण काकूंची झोंप यानेंच उडते), आणि दोन्ही वह्यांत ज्यांचीं नांवें आहेत ते. ‘कॉम’ दोन याद्या घेते आणि असेच तीन स्तंभ पाडते. नको तो स्तंभ झांकतां येतो. पहिला व दुसरा झांकला कीं दोहोंतलें सामाईक तेवढें उरतें. दुसरा व तिसरा झांकला कीं पहिलींत आहे आणि दुसरींत नाहीं तेवढेंच दिसतें. संचांचा छेद आणि संचांची वजाबाकी म्हणून शाळेंत जें शिकवितात, तें हेंच.

या विचाराच्या वंशावळींत हिंदुस्थानचाहि थोडा अंश आहे, तो सांगण्याचा मोह आवरत नाहीं. ज्यांच्या नांवानें संचांचे नियम मुलें पाठ करतात ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ सालीं मदुरेस जन्मले. तर्काला बीजगणिताचें रूप देणारा आपला मोठा ग्रंथ जॉर्ज बूल यांनीं १८५४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांची पत्नी मेरी ही हिंदुस्थानची मोजणी करणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. जमिनीची मोजणी आणि याद्यांचें गणित यांचें नातें असें सोयरिकीचेंहि आहे.

आज्ञांचें हें कुटुंब मात्र पुष्कळ अलीकडचें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं युनिक्स नांवाची कार्यप्रणाली सुरू केली. त्यांचे सहकारी डग मॅकइलरॉय यांनीं १९६४ पासून एक कल्पना मनांत धरली होती: बागेंतल्या पाण्याच्या नळीला पुढें दुसरा तुकडा जोडतां येतो, तसा एका कार्यक्रमाला दुसरा जोडतां यावा. १९७३ सालीं थॉम्सन यांनीं ती सोय प्रत्यक्षांत आणली. पाथरीच्या माणसाला हें समजावण्यास बागेची नळी लागत नाहीं. कालव्यांतून चारींत, चारींतून सरींत पाणी जसें जातें, तसा एका आज्ञेचा निकाल दुसरींत सोडावयाचा; प्रत्येकीनें आपलें एकच काम करावयाचें. १९७५ सालीं स्टीव्ह जॉन्सन यांनीं शुद्धलेखन तपासणारें साधन एका दुपारींत तयार केलें तें याच रीतीनें. लेखांतले शब्द सुटे करावयाचे, क्रमानें लावावयाचे, दुबार असतील ते गाळावयाचे, आणि ‘कॉम’ला सांगावयाचें कीं शब्दकोशांत नाहींत तेवढे दाखव. जे उरतील ते चुकीचे. शब्दकोशाच्या जागीं उतारे ठेवले आणि लेखाच्या जागीं आजोबांची वही ठेवली कीं आमचें काम झालें, असें आम्हांस वाटलें.

तें तितकें सरळ नव्हतें. वहींत सर्व्हे नंबर होते आणि उताऱ्यांत गट नंबर. एकत्रीकरणाच्या योजनेंत जुने नंबर जाऊन नवे आले. एका नंबराचे कोठें दोन गट झाले, कोठें दोन नंबर मिळून एक गट झाला. जुना नंबर कोणत्या गटांत गेला हें दाखविणारें पत्रक आम्हीं नक्कल काढून आणलें. येथें ‘जॉईन’ नांवाची दुसरी आज्ञा कामास येते. दोन याद्यांत एक स्तंभ सारखा असला कीं ती त्या स्तंभावरून ओळी एकमेकींना बांधते. सर्व्हे नंबर ही गांठ धरली, आणि वहींतल्या एकोणीस नंबरांचे बावीस गट पडद्यावर आले. काकांनीं ते मोजले, पुन्हां मोजले, आणि मान हालविली.

मग पुण्याच्या पुतण्यानें टंकलेली वहीची यादी आणि हैदराबादच्या भाचीनें टंकलेली उताऱ्यांची यादी समोरासमोर ठेवली. यंत्रानें सांगितलें कीं दोहोंत एकहि नंबर समान नाहीं. बैठकींत एकदम शांतता झाली. काका म्हणाले, “म्हणजे इतकीं वर्षें आपण कोणाचीं शेतें केलीं रे?” कारण साधें निघालें. पुतण्यानें भक्तिभावानें देवनागरी अंक वापरले होते, आणि भाचीनें सवयीनें इंग्रजी. आपल्या डोळ्यांना चार तो चार. यंत्राला त्या दोन निराळ्या आकृति आहेत, आणि त्यांचा एकमेकींशीं कांहीं संबंध आहे हें त्याला कोणीं सांगितलेलें नसतें. एका ओळीच्या आज्ञेनें सारे अंक एका जातीचे करून घेतले. ज्या घरांत मोडी, उर्दू, देवनागरी आणि इंग्रजी अशा चार तऱ्हांनीं कागद झालेले आहेत, त्या घरानें ही गोष्ट आधीं पाहावी.

दुसरी खोंच क्रमाची. ‘कॉम’ला दोन्ही याद्या क्रमानें लावलेल्या लागतात, आणि तो क्रम संख्येचा चालत नाहीं, शब्दाचा लागतो. संख्येच्या क्रमानें ९, ४७, ११२ असें येईल. शब्दाच्या क्रमानें ११२, ४७, ९ असें. कारण पहिलें अक्षर पाहूनच जागा ठरते. गणिताच्या माणसाला हें प्रथम विपरीत वाटतें. पण ‘४७/१/अ’ असा हिस्सा आला म्हणजे कळतें कीं गट नंबर ही संख्या नसून नांव आहे. त्याची बेरीज कोणी करीत नाहीं. दोन्ही याद्या एकाच रीतीनें लावल्या म्हणजे झालें.

प्रथम तिन्ही उतारे एकत्र केले. आमचे सात, मधल्यांचे पांच, धाकट्यांचे पांच, एकूण सतरा. ‘सॉर्ट’नें दुबार गाळून एकत्र केले तों सोळाच राहिले. म्हणजे एक नंबर दोन पात्यांत होता. ‘युनिक’ला दुबार तेवढे दाखव म्हटलें. निघाला तो विहिरीचा गट. आमच्या आणि धाकट्या पातीच्या नांवें सामाईक. पंधरा वर्षें त्या विहिरीवर मोटार कोणाची लागावी यावरून कुरबूर चालली होती, आणि दोघांपैकीं कोणीहि उतारे शेजारीं ठेवून पाहिले नव्हते. काकांच्या मुलानें आमच्याकडे पाहिलें, आम्हीं त्याच्याकडे. पुढें कोणी बोललें नाहीं.

क्षेत्राचाहि ताळा पाहावा असें मधल्या पातीचें म्हणणें पडलें, आणि तें योग्यच होतें. वहींत एकर-गुंठे, उताऱ्यांत हेक्टर-आर. एका शेतापुढें वहींत ५.२० असें होतें. मधल्या पातीच्या मुलानें त्याला एकराच्या भावानें गुणलें तेव्हां दोन हेक्टर दहा आर आले. उताऱ्यांत दोन हेक्टर तेवीस आर. लगेच भुंवया वर गेल्या. पण चाळीस गुंठ्यांचा एकर. पांच एकर वीस गुंठे म्हणजे साडेपांच एकर, पांच पूर्णांक दोन दशांश नव्हे. बारा गुंठ्यांचा फरक एका टिंबानें उत्पन्न झाला होता. गुंठे आधीं चाळीसांनीं भागून मग बेरीज केली, आणि क्षेत्रें जुळलीं. बारा गुंठ्यांवरून लोक कोर्टांत जातात, हें परभणींत राहणाऱ्या कोणासहि सांगावयास नको.

आतां मुख्य वजाबाकी. वहीचे बावीस गट आणि उताऱ्यांचे सोळा. तिसऱ्या स्तंभांत, म्हणजे दोन्हींकडे, पंधरा आले. पहिल्या स्तंभांत, म्हणजे वहींत आहेत आणि आज कोणत्याच पातीकडे नाहींत असे, सात आले. आणि दुसऱ्या स्तंभांत, वहींत नसलेला पण उताऱ्यांत असलेला, एक. तो आमच्या पातीचा.

सातांपैकीं पांचांचा उलगडा काकांनीं तोंडींच केला. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरांत भारतांत विलीन झालें, आणि १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानें तीं पांच शेतें जे वहात होते त्यांच्या नांवें झालीं. आमच्या पिढीपर्यंत या गोष्टीचा सुस्कारा घरांत ऐकूं येत असे. आजोबांनीं मात्र वहींत त्या पांचांपुढें कुळांचीं नांवें स्वच्छ अक्षरांत लिहिलेलीं आहेत, आणि एक शब्द अधिक लिहिलेला नाहीं. घाम ज्यांचा होता त्यांच्याकडे जमीन गेली, असेंच आमचें मत आहे; काकांचें तसें नाहीं.

राहिलीं दोन. धाकट्या पातीचीं दोन हरवलेलीं शेतें म्हणतात तीं हींच. म्हणजे त्यांची तोंडी यादी खरी होती. ही गोष्ट आम्हीं तेथल्या तेथें मोठ्यानें म्हटली, कारण वीस वर्षें ती आमच्या बाजूनें कोणीं म्हटली नव्हती.

त्यांतल्या एकाचे फेरफार काढून आणले. नोंद १९५१ ची. तें शेत आजोबांनीं आपल्या थोरल्या मुलीला, आमच्या आत्याला, चोळीबांगडीसाठीं दिलें होतें. आत्या लग्नानंतर चार वर्षांनीं विधवा झाली. पदरीं एक मुलगा. काका तेव्हां दहा वर्षांचे, आणि शिक्षणासाठीं हैदराबादेस ठेवलेले. आत्या गेल्यावर त्या घराशीं येणेंजाणें हळूहळू थांबलें. तिन्ही पात्यांच्या तिन्ही याद्यांत आत्याचें नांव कोठेंच नव्हतें. वंशवृक्ष काढला तेव्हांहि मुलीची फांदी कोणीं काढली नाहीं. जिला आम्हीं मोजलेंच नव्हतें ती वजाबाकींत उरली. काका फेरफाराचा कागद बराच वेळ हातांत धरून बसले होते. मग वहींत त्या नंबरापुढें काय लिहिलें आहे तें त्यांनीं वाचून दाखविलें: ‘बोरीचें’. ते म्हणाले, “ताई लहानपणीं मला बोरें आणून देई. तीं त्याच शेतांतलीं.” आत्याचा नातू नांदेडास असतो, हें शोधण्यास यंत्र लागलें नाहीं, काकूंच्या आहेराच्या वहींत, न बोलावतां आहेर आलेल्यांच्या ढिगांत, त्याचें नांव होतें.

दुसरें शेत लहान. तें सबंधच्या सबंध जायकवाडीच्या डाव्या कालव्यांत गेलें. जायकवाडीची पायाभरणी १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें झाली. १९७६ सालीं इंदिरा गांधींनीं धरण राष्ट्रास अर्पण केलें. डावा कालवा दोनशें आठ किलोमीटरांचा. त्याच्या पाण्यावर आमच्या भागाची शेती बदलली, आणि त्या पाण्याच्या वाटेंत आमचा एक गट आला, यांत तक्रार करण्यासारखें कांहीं नाहीं. प्रश्न मोबदल्याचा होता. आजोबा तेव्हां नव्हते. घरचे कर्ते आमचे वडील. मोबदला त्यांच्या नांवें निघाला असावा. आणि दुसऱ्या स्तंभांतला तो एकच गट, जो आजोबांच्या वहींत नाहीं आणि आज आमच्या उताऱ्यांत आहे, तो वडिलांनीं त्यानंतर दोन वर्षांनीं खरेदी केलेला आहे.

‘कॉम’नें हे दोन नंबर दोन स्तंभांत वेगळे करून दाखविले. त्या दोहोंमध्यें पैशाचा धागा होता कीं नव्हता, हें सांगणें तिच्या कामांत बसत नाहीं. वडिलांना तेव्हां शाळेंतला पगारहि होता, आणि आईचे दागिने त्याच सुमारास मोडले हें आम्हांस आठवतें. पण आमची आठवण ही आमच्या पातीची तोंडी यादी झाली. ती पुराव्यांत धरूं नये असें आम्हीं स्वतःच सुचविलें. आमच्या धाकट्या भावाला हें रुचलें नाहीं. वडिलांच्या मागें त्यांचा हिशेब कशाला काढावा, असें तो म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्यालाहि वजन आहे. वडील असते तर त्यांनीं काय केलें असतें याचा आम्हीं रात्रभर विचार केला. त्यांना हिशेब अर्धवट ठेवलेला कधीं खपत नसे. भाजीवाल्याचे चार आणे राहिले तरी ते पुन्हां पायांत जोडे घालीत.

काकांनीं त्या दिवशीं चहा पुरा घेतला. निघतांना ते एवढेंच म्हणाले कीं कालव्याच्या निवाड्याची नक्कल मागवा, म्हणजे रक्कम किती आणि कोणाच्या सहीनें उचलली तें कळेल. आणि निघेल तें निघो, यंदाचें नवरात्र गांवींच करूं. बावीस गटांची यादी, तिन्ही स्तंभांसह, आम्हीं छापून प्रत्येक घरीं दिली. शेतांचीं बोलण्यांतलीं नांवें नंबरांशेजारीं काकांनीं हातानें लिहिलीं, मोडींत आणि खालीं बाळबोधींत. चौथी प्रत नांदेडास पाठविली. निवाड्याच्या नकलेचा अर्ज गेल्या महिन्यांत दिला. त्यावर तिन्ही पात्यांच्या सह्या आहेत, आणि चौथी टपालानें मागवून घेतली.